दातांचे आरोग्य आणि आपले ताट

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. दैवाचा विचित्रपणा सांगण्यासाठी ती वापरली जाते. परंतु जरा विचार केला तर या म्हणीतील दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी दैवाच्या नसून आपल्याच हातातल्या आहेत असे दिसून येईल. चणे दात घडवितात आणि दात चणे पचवितात. म्हणजे चांगला आहार मिळाला तर दात चांगले होतात आणि दात चांगले राहिले तरच उतारवयात चांगला आहार घेता येतो. या दोहोंतील एक कडी निखळली की दुसरी आपोआप सैल होते.

पांढुर्णा आणि सौंसर हे आपले दोन्ही तालुके संत्र्यांचे तालुके म्हणून ओळखले जातात. आंबिया बहाराच्या दिवसांत येथून संत्र्यांनी भरलेले ट्रक दूरदूरच्या बाजारपेठांकडे निघतात. आपल्या शेतांत ज्वारी, तूर, हरभरा, भुईमूग पिकतो. पावसाळ्यात बांधावर फुकटची भाजी उगवते. अशा मुलखातील मुलांचे दात मोत्यासारखे असावयास पाहिजेत. प्रत्यक्षात मात्र कोणत्याही शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गातील मुलांना तोंड उघडावयास सांगावे, म्हणजे काळ्या पडलेल्या दाढा दिसतात. दप्तरात संत्रे क्वचितच सापडते. टॉफीचा कागद मात्र हमखास सापडतो. हे असे का होते आणि त्यावर घरच्या घरी काय करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दात कसा घडतो?

मनुष्याला दोनदा दात येतात. पहिले दुधाचे, ते २०. आणि नंतरचे कायमचे, ते ३२. बाळाचा पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास हिरडीतून वर दिसतो. परंतु तो त्या दिवशी तयार झालेला नसतो. आईच्या गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारासच दुधाच्या दातांवर चुन्याचे क्षार बसू लागतात. कायमच्या पहिल्या दाढेची घडण तर बाळाच्या जन्माच्या सुमारास सुरू होते. अक्कलदाढा सोडल्या तर बहुतेक कायमच्या दातांचे वरचे भाग सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत हिरडीच्या आत पूर्ण होतात. म्हणून मुलाच्या दातांची काळजी आईच्या ताटापासून सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दाताच्या बाहेरील आवरणास दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचा असतो. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. पण दंतवल्काला एकदा खड्डा पडला की शरीर तो भरून काढू शकत नाही. कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतेवेळीच नाहीशा झालेल्या असतात. हा दागिना आयुष्यात एकदाच घडविला जातो, त्याची पुन्हा घडाई नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘एक मूल झाले की आईचा एक दात जातो, कारण बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते’ असे पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्या बायका सांगतात. हे खरे नाही. पूर्ण झालेल्या दातातून कॅल्शियम असे परत निघत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, वांत्यांबरोबर पोटातील आम्ल तोंडात येते, वारंवार काहीतरी खावेसे वाटते आणि दात घासण्याचा कंटाळा येतो. दात बिघडतात ते यांमुळे. म्हणून गरोदर सूनबाईला दूध, डाळ, हिरवी भाजी मिळाली पाहिजे, आणि वांती झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरण्याची सवयही लागली पाहिजे.

सहाव्या वर्षाची दाढ

सर्व पालकांनी ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळतही नाही. पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः ती कायमची दाढ असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. पुढील साठ-सत्तर वर्षे भाकरी चावण्याचा मोठा भार याच चार दाढांवर असतो. मूल पहिलीत गेले की महिन्यातून एकदा उजेडात बसवून त्याच्या अगदी मागच्या दाढा पाहाव्यात. काळी रेघ किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नये. त्या वेळी थोडक्यात काम होते. दुखू लागल्यावर खर्चही वाढतो आणि दाढही पुष्कळदा जाते.

आणि दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून त्यांची हेळसांड करणेही योग्य नव्हे. ते खालच्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. ते अकाली काढावे लागले तर शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात. तान्ह्या मुलाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन निजविण्याची रीत अलीकडे फार वाढली आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध रात्रभर दातांवर राहते आणि वरचे पुढचे दात पाहता पाहता झिजून काळे पडतात. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा, आणि निजताना मुखी पाणी बरे.

कीड म्हणजे किडा नव्हे

बाजाराच्या दिवशी दातातील किडे काढून दाखविणारे लोक पूर्वी गावोगाव फिरत असत. नळीतून पांढरे किडे काढून दाखवीत आणि पैसे घेऊन जात. ती हातचलाखी होती. दातात किडा नसतो. १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने मांडले की, तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते. आज हे मत सर्वमान्य आहे.

मुलांना हे पटवून देण्यासाठी घरी करण्याजोगा एक सोपा प्रयोग सांगतो. कोंबडीच्या अंड्याचे टरफल एका पेल्यात घालून ते बुडेल इतका व्हिनेगर ओतावा. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि एक-दोन दिवसांत टरफल मऊ पडते. टरफलातील चुना आम्लाने विरघळला. दात याहून पुष्कळ कठीण आहे, तो एका दिवसात विरघळत नाही. पण आम्ल रोज अनेकदा आणि वर्षानुवर्षे लागत गेले तर त्याचीही तीच गत होते.

किती खाल्ले याहून किती वेळा खाल्ले

१९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दातांवरील थरातील आम्लता मोजली. गोड पदार्थ तोंडात जाताच काही मिनिटांतच आम्लता वाढते आणि ती पूर्वपदावर येण्यास अर्धा तास, कधी तासभर लागतो असे त्याला आढळले. या काळात दातातील क्षार बाहेर पडतात. नंतर लाळ आपले काम सुरू करते. ती आम्ल धुऊन टाकते आणि स्वतःतील कॅल्शियम दाताला परत देते. म्हणजे दिवसभर दातावर झीज आणि भरपाई यांची देवाणघेवाण चालू असते. भरपाईला वेळ मिळाला तर दात टिकतो, न मिळाला तर खड्डा पडतो.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षे चाललेल्या अभ्यासातही हेच दिसले. तेथील रुग्णांपैकी ज्यांना साखर जेवणाबरोबर दिली त्यांच्या दातांत कीड थोडीच वाढली. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या त्यांच्या दातांत ती फार वाढली. तेथील रुग्ण मानसिकदृष्ट्या दुर्बल होते, त्यांची संमती घेतली गेली नव्हती, म्हणून या अभ्यासाला पुढे कठोर दोष देण्यात आला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या असहाय माणसांच्या दातांनी जगाला दिलेला धडा विसरता येण्यासारखा नाही.

आता आपल्या घरचा हिशेब करू. सकाळी उठल्याबरोबर चहा, शाळेच्या वाटेवर टॉफी, मधल्या सुटीत क्रीमचे बिस्किट, घरी आल्यावर चहा व टोस्ट, खेळताना पेप्सीची नळी, आणि निजताना गोड दूध. सहा वेळा झाले. प्रत्येक वेळचा अर्धा तास धरला तरी रोज तीन तास दात आम्लात भिजत राहिला. हेच गोड दुपारच्या जेवणात एकदाच खाल्ले असते तर काम अर्ध्या तासात आटोपले असते. म्हणून मुलांना गोड देऊच नये असा माझा आग्रह नाही. गोड ताटात वाढावे, खिशात देऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

प्रमाणाचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, वरून घातलेली साखर, गूळ, मध इत्यादी मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी ठेवता आली तर अधिक चांगले. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे होतात. आपल्याकडे एका कपात दोन चमचे साखर घातली तर चार कप चहातच आठ चमचे होतात. गूळ अधिक पौष्टिक म्हणून दाताला निर्दोष, असेही समजू नये. दातावरील जंतूंना साखर आणि गूळ यांत भेद कळत नाही.

हिरड्या आणि संत्रे

हिरडी ही दाताची जमीन होय. जमीन खचली तर न किडलेले झाडही उन्मळून पडते. तसेच हिरड्या बिघडल्या तर न किडलेला दातही हलू लागतो.

हिरड्यांच्या बाबतीत संत्र्याची कथा फार जुनी आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात गळून पडत आणि पुष्कळ जण मरत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने १२ रोगी निवडले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, तीच सर्वांत लवकर सुधारली. त्यांतील एक जण तर सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला. तरीही इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र देण्यास १७९५ साल उजाडले. फळातील तो गुणकारी घटक म्हणजे क जीवनसत्त्व, हे १९३० च्या दशकात सिद्ध झाले आणि त्या कामासाठी सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिरडीचे तंतू बांधून ठेवणारा कोलॅजेन नावाचा पदार्थ या जीवनसत्त्वावाचून नीट तयार होत नाही, आणि मनुष्याचे शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते रोजच्या अन्नातूनच मिळाले पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. दोन मध्यम संत्र्यांत किंवा एका पेरूत, ज्याला आपल्याकडे जाम म्हणतात, ही गरज भागते. आवळ्यात तर ते संत्र्याच्या कित्येक पट असते. बाजारात न खपलेले लहान, डागी संत्रे बागेत टाकून देतात. गुणांत ते मोठ्या संत्र्याहून कमी नसते. आपल्या बागांतील ही फळे आधी आपल्या मुलांच्या हाती पडावीत.

परंतु दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ही की, आज हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बहुतेक लोकांना स्कर्व्ही झालेला नसतो. दात व हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो, तो घट्ट होऊन त्याचे कीट बनते आणि हिरडी सुजते. अशा वेळी नुसती संत्री खाऊन भागत नाही. तो थर रोज काढलाच पाहिजे. रक्त येते म्हणून घासणे सोडणारा मनुष्य रोग वाढवीत असतो. दुसरी गोष्ट, संत्रे व लिंबू स्वतः आंबट आहेत. फळ एकदा बसून खावे, दिवसभर फोडी चोखत राहू नये; खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास दात घासू नयेत. दात पांढरे करण्यासाठी लिंबाची साल चोळणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. अंड्याच्या टरफलाचे काय झाले, ते आठवावे.

मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर वाढली की हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांचा रोग बळावला की साखर आवरणे कठीण जाते.

आपल्या मातीतील भांडार

दातांसाठी कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिने, आणि अ, क व ड ही जीवनसत्त्वे हवीत. यासाठी शहरातून डबे आणण्याची गरज नाही.

ज्वारीची भाकरी चावून खावी लागते, त्यामुळे लाळ सुटते व दात स्वच्छ होतात, हा तिचा मोठा गुण. परंतु ज्वारीत कॅल्शियम थोडेच असते. म्हणून भाकरीबरोबर भाजी व ताक पाहिजेच. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक, तर सालीसकट तिळात १२०० हून अधिक असते. अर्थात तीळ कोणी पावभर खात नाही. पण तिळाची कोरडी चटणी रोज दोन चमचे ताटात आली तरी मोठी भर पडते. शेवग्याच्या शेंगा आपण विकत आणतो आणि दारातल्या झाडाचा पाला शेळीला घालतो, हा व्यवहार उलटा आहे.

तूर, हरभरा, भुईमूग, अंडी आणि मांस यांतून प्रथिने व फॉस्फरस मिळतात. ज्यांच्या घरी पाये, खिचडा, दालचा होतो त्यांच्या ताटात डाळ व मांस एकत्र येतात, हे उत्तमच. कान्हनची बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळते. म्हणून मुलांनी व घरातच राहणाऱ्या स्त्रियांनीही थोडा वेळ अंगणात वा गच्चीवर उन्हात बसावे.

पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा पुष्कळांना गरिबाची भाजी वाटतो. त्याची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. आपल्याच राज्यातील मंडला जिल्ह्यात तिलईपानी या गावी १९९० च्या दशकात मुलांच्या दातांवर डाग आणि पायांना व्यंग आढळले. कारण होते हातपंपाच्या पाण्यातील जादा फ्लोराइड. जबलपूर येथील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संस्थेतील संशोधकांनी पाणी बदलण्याबरोबरच कॅल्शियम व क जीवनसत्त्व यांनी युक्त आहारावर भर दिला, आणि त्यात कॅल्शियमने समृद्ध अशा चकोडा भाजीचा पुरस्कार केला. चकोडा म्हणजेच आपला तरोटा.

फ्लोराइड थोडे असेल तर दात बळकट करते. जादा झाले तर दात घडण्याच्या वयातच त्यांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग पाडते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. छिंदवाडा जिल्ह्याचे नाव फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि आपले दोन्ही तालुके २०२३ साली वेगळा पांढुर्णा जिल्हा होईपर्यंत त्याच जिल्ह्यात होते. म्हणून एखाद्या वस्तीतील पुष्कळ मुलांच्या दातांवर एकसारखे डाग दिसले तर मुलांना घासत नाही म्हणून रागे भरण्याआधी तेथील पाणी तपासून घ्यावे.

खर्रा

आहाराच्या लेखात ज्याला आहार म्हणता येत नाही अशा पदार्थाविषयी लिहावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा नागपुरापासून आपल्या गल्लीपर्यंत पोहोचला आहे आणि मिसरूड न फुटलेली मुलेही तो गालात धरून हिंडतात. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु पानठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा तितकाच घातक असतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीचीच गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. सुपारीने गालाच्या आतील कातडी हळूहळू ताठ होते, तिखट लागू लागते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. तोंड पूर्ण उघडून आपल्याच हाताची तीन बोटे उभी आत जातात का, हे प्रत्येकाने पाहावे. जात नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. ज्याचे तोंडच उघडत नाही त्याच्यापुढे संत्र्यांची रास ओतून काय उपयोग?

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, त्या दिवशी कोणाचा दात पडला तर गावभर चर्चा होते. खर्रा आणि टॉफी वर्षाचे सर्व दिवस दात पाडीत असतात, त्याची मात्र चर्चा होत नाही. स्त्रियांनी मिस्री, गुल, गुडाखू यांनी दात घासणे म्हणजे तंबाखूच हिरडीला चोळणे होय, हेही येथेच सांगितले पाहिजे.

स्वच्छता: जुने आणि नवे

तोंडाची स्वच्छता आपल्या सर्वांच्या परंपरेत आहे. आयुर्वेदाने दंतकाष्ठ सांगितले, आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकची मोठी ताकीद दिली. कडुनिंबाची वा बाभळीची ताजी काडी चावून तिचा मऊ कुंचला केला आणि प्रत्येक दात हळू घासला तर ती आजही चांगली आहे. राखुंडी, विटेची पूड, मीठ व कोळसा यांनी मात्र दंतवल्क घासले जाते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट कीड रोखण्यास मदत करते. ती तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढीच द्यावी, व थुंकावयास शिकवावे. सकाळी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा घासावे. दोहोंपैकी रात्रीचे चुकवू नये. कारण झोपेत लाळेचा पहारा ढिला पडतो.

रमजानमध्ये सहरीनंतर दात स्वच्छ करून मगच नियत करावी. इफ्तारला खजूर उत्तम. पण तो चिकट असल्याने त्यावर पाणी प्यावे व चूळ भरावी. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत शरबत व मिठाई थोडी थोडी चालू ठेवू नये. ईदचा शीरखुर्मा असो की पोळ्याची पुरणपोळी, सणाचे गोड सणाच्या ताटावर शोभते.

घरातील वृद्धांकडेही पाहावे. दात गेल्यामुळे आजोबा किंवा दादीजान भाकरी सोडून चहात टोस्ट बुडवून खाऊ लागतात. त्यातून अशक्तपणा येतो आणि आपण म्हणतो की वयच झाले. त्यांस कवळी बसवून द्यावी. तोपर्यंत मऊ खिचडी, घट्ट वरण, शिजवून घोटलेली भाजी, दही व संत्र्याचा बिया काढलेला गर द्यावा. वरचा दात काढला तर नजर जाते, या भीतीने दुखरा दात वर्षानुवर्षे बाळगू नये. डोळ्याचा आणि दाताचा असा काही संबंध नाही.

आपण सर्वांनी मिळून काय करावे?

घरोघरी पाळण्याचे नियम थोडक्यात असे:

१. गोड खाणे जेवणाबरोबर. दोन जेवणांच्या मध्ये फळ, फुटाणे, शेंगदाणे किंवा काकडी.
२. रोज एक संत्रे, जाम किंवा आवळा. हंगामात बोरेही चालतील. लिंबू भाजीवर ती चुलीवरून उतरल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते.
३. रोज एक हिरवी पालेभाजी, एक वाटी डाळ, आणि दूध, दही वा ताक.
४. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही नाही.
५. सहा वर्षांच्या मुलाची मागची दाढ महिन्यातून एकदा पाहणे.
६. वर्षातून एकदा दंतवैद्याची भेट. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. मोठ्या उपचारासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे.

ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. आपल्या कार्यक्रमांत, मग तो १५ ऑगस्ट असो, २६ जानेवारी असो की बक्षीस-समारंभ, मुलांना टॉफ्या वाटण्याची पद्धत बंद करून त्या त्या ऋतूतील फळ किंवा फुटाणे वाटावेत. संत्र्यांचे बागाईतदार आपल्यातच आहेत; हंगामात दोन पेट्या देणे त्यांस जड जाणार नाही. दुसरी सूचना अशी की, दरवर्षी पहिलीत दाखल होणाऱ्या आपल्या मुलांची दंततपासणी ट्रस्टने एकदा करवावी. सहाव्या वर्षाची दाढ वाचविण्याची ती नेमकी वेळ आहे. आणि तिसरी, ट्रस्टच्या वास्तूत व आवारात खर्रा, गुटखा आणि तंबाखू यांस पूर्ण मनाई असावी, आणि ती मोठ्यांनी आधी पाळावी.

महोत्सवाच्या निमित्ताने आपण पुष्कळ संकल्प करतो. इमारतीच्या संकल्पाला पैसा लागतो, जागा लागते, वर्षे लागतात. हा संकल्प आज रात्रीपासून सुरू करता येतो, आणि त्याचे फळ म्हणून ट्रस्टच्या पुढील महोत्सवात आज पहिलीत असलेली आपली मुले स्वतःच्या दातांनी चणे खात बसलेली दिसतील.